प्रतिस्पर्धी पक्षांचे समझोते आणि लोकशाही : उरण परिसर व रायगड जिल्ह्याच्या राजकीय इतिहासाच्या संदर्भात

प्रस्तावना

प्रस्थापित राजकीय पक्ष परस्परांचे प्रतिस्पर्धी असणे ही संसदीय लोकशाहीची पूर्वअट मानली जाते. एका पक्षाचा कारभार पसंत पडला नाही तर मतदार दुसऱ्या पक्षाकडे वळतो आणि या शक्यतेच्या धाकानेच सत्ताधारी जबाबदारीने वागतात, असे पाठ्यपुस्तकांतून सांगितले जाते. परंतु हे प्रतिस्पर्धीच एकत्र येऊन सत्तेची वाटणी करू लागले तर मतदाराने वळायचे कोणाकडे, हा प्रश्न शिल्लक राहतो. अशा समझोत्यांमुळे लोकशाही बळकट होते, की ज्यांच्या हाती सत्ता आहे त्यांचीच पकड घट्ट होते, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात पूर्वीचा कुलाबा व आजचा रायगड जिल्हा, आणि विशेषतः उरण तालुका, यांच्या अनुषंगाने केला आहे.

या अभ्यासासाठी रायगड जिल्हा निवडण्याचे कारण उघड आहे. महाराष्ट्रातील अन्य जिल्ह्यांत काँग्रेसला पर्याय उभा राहण्यास बराच काळ लागला. येथे मात्र शेतकरी कामगार पक्षाच्या रूपाने तो पर्याय स्वातंत्र्याच्या पहिल्या दशकातच उभा राहिला आणि दीर्घकाळ टिकला. १९६२ ते १९७७ या काळात विधानसभेतील विरोधी पक्षनेतेपद शेकापकडे होते. प्रथम कृष्णराव धुळप व नंतर उरण तालुक्यातील जासईचे दि. बा. पाटील यांनी ते भूषविले. ज्या जिल्ह्याने राज्याला विरोधी पक्षनेता दिला, त्याच जिल्ह्यात पुढे विरोधी पक्ष नेमका कोणता हे सांगणे कठीण होऊन बसले. हा बदल कसा घडला हे पाहणे राज्यशास्त्राच्या अभ्यासकाइतकेच इतिहासाच्या अभ्यासकासाठीही उद्बोधक आहे.

संकल्पनेविषयी थोडेसे

राजकीय समझोत्यांचा विचार जागतिक पातळीवर प्रामुख्याने लॅटिन अमेरिका व दक्षिण युरोप यांच्या संदर्भात झालेला आहे. व्हेनेझुएलातील हुकूमशाही कोसळल्यानंतर ३१ ऑक्टोबर १९५८ रोजी तेथील तीन प्रमुख पक्षांनी पुंतो फिहो करार केला. कोणीही निवडणूक जिंकली तरी निकाल सर्वांनी मान्य करावयाचा व सत्तेत परस्परांना सामावून घ्यावयाचे, असे त्यात ठरले. या करारातून कम्युनिस्टांना वगळण्यात आले होते. शेजारच्या कोलंबियात उदारमतवादी व पुराणमतवादी हे दोन पक्ष एकमेकांच्या रक्ताचे तहानलेले होते. त्यांनी १९५८ ते १९७४ या काळात ‘राष्ट्रीय आघाडी’ चालविली. राष्ट्राध्यक्षपद दर चार वर्षांनी आलटूनपालटून घ्यावयाचे आणि कायदेमंडळातील जागा व सरकारी पदे निम्मी-निम्मी वाटून घ्यावयाची, अशी ती व्यवस्था होती.

या समझोत्यांमुळे दोन्ही देशांत लष्करी राजवट दूर राहिली आणि कोलंबियातील पक्षीय हत्याकांड मोठ्या प्रमाणात थांबले, ही त्यांची जमेची बाजू होय. परंतु तिसऱ्या कोणाला आत येण्यास वाट उरली नाही. कोलंबियात १९ एप्रिल १९७० च्या वादग्रस्त निवडणुकीनंतर त्याच तारखेचे नाव घेऊन एक सशस्त्र संघटना उदयाला आली. व्हेनेझुएलात १९९८ मध्ये ह्यूगो चावेझ निवडून आले तेव्हा जुने पक्ष पाचोळ्यासारखे उडून गेले. टेरी लिन कार्ल यांनी या प्रकारच्या लोकशाहीचा पेच नेमका पकडला आहे. ज्या तडजोडींमुळे लोकशाही जन्माला येते, त्याच तडजोडी पुढे तिची वाढ रोखतात, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. युरोपातील पक्षांविषयी कॅट्झ व मेअर यांनी १९९५ मध्ये मांडलेली ‘कार्टेल पक्षा’ची कल्पनाही याच जातीची. बाजारातील व्यापारी संगनमताने भाव ठरवितात, तसे पक्ष संगनमताने स्पर्धा मर्यादित करतात, असे त्यांचे म्हणणे आहे.

रायगड म्हणजे कोलंबिया नव्हे. येथे गृहयुद्ध नव्हते आणि लष्कराचे भयही नव्हते. त्यामुळे ‘अराजक टाळण्यासाठी समझोता’ हे समर्थन येथील पक्षांना उपलब्ध नाही. नेमक्या याच कारणाने येथील समझोत्यांची परीक्षा अधिक कठोरपणे व्हावयास हवी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

लढ्यासाठी झालेली एकजूट

कुलाबा जिल्ह्यात भिन्न विचारांच्या गटांनी एकत्र येण्याची परंपरा जुनी आहे. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ मध्ये सुरू झालेला शेतकऱ्यांचा संप सहा वर्षे चालला. खोतांच्या जमिनी पडीक राहिल्या, कुळांची उपासमार झाली, तरी संप फुटला नाही. या प्रश्नावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष कुळांच्या पाठीशी उभा राहिला. १९३७ मध्ये बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी मुंबईत कौन्सिल हॉलवर शेतकऱ्यांचा मोर्चा नेला. त्यात अन्य डाव्या विचारांचे कार्यकर्तेही सहभागी होते. आगरी, कुणबी व महार कुळे एका मागणीसाठी रस्त्यावर आली, ही त्या काळी सामान्य घटना नव्हती.

पुढे ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेकाप व शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन हे पक्ष एरवी एकमेकांचे वाभाडे काढीत. ते एका व्यासपीठावर आले आणि १९५७ च्या निवडणुकीत त्यांनी पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला जबर तडाखा दिला. दि. बा. पाटील याच निवडणुकीत पनवेलमधून प्रथम विधानसभेवर गेले. १ मे १९६० रोजी मागणी पूर्ण झाली आणि समितीचे प्रयोजन संपले. समितीतील पक्ष आपापल्या वाटेने गेले. एवढी मोठी चळवळ काँग्रेसला कायमचा पर्याय देऊ शकली नाही, म्हणून अनेक अभ्यासक हळहळतात. परंतु याची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. समितीचे उद्दिष्ट जाहीर होते, ते मतदानापूर्वी लोकांपुढे ठेवलेले होते आणि त्याला शेवट होता. काम झाल्यावर मोडणारा समझोता मतदाराला त्याची निवड परत करतो.

जासई, १९८४

१९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण परिसरातील ९५ गावांच्या जमिनी संपादन करण्याचे ठरले. भातशेती, मिठागरे व खाडीतील मासेमारी यांवर जगणाऱ्या या पट्ट्याला मिळणारा मोबदला आणि त्या जमिनीची भावी किंमत यांत मेळच नव्हता. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनाने जानेवारी १९८४ मध्ये तीव्र रूप धारण केले. १६ जानेवारीला जासईजवळ दास्तान फाटा येथे व १७ जानेवारीला नवघर येथे पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मे झाले. तेव्हा राज्यात वसंतदादा पाटील यांचे सरकार होते.

त्याच वर्षाच्या अखेरीस इंदिरा गांधींच्या हत्येनंतर लोकसभा निवडणूक झाली. देशभर काँग्रेसची लाट असताना कुलाब्यातून दि. बा. पाटील निवडून आले. सरकारने गोळ्या घातल्या आणि मतदारांनी वर्षाच्या आत त्याच सरकारच्या पक्षाला जिल्ह्यात नाकारले. सत्तेचा हिशेब चुकता करण्याची ही साधी यंत्रणा येथे चालली, कारण शेकाप त्या वेळी काँग्रेसचा भागीदार नव्हता. भूधारकाला विकसित जमिनीचा हिस्सा मिळाला पाहिजे, हे तत्त्व पुढे साडेबारा टक्के योजनेच्या रूपाने शासनाला मान्य करावे लागले. त्यामागे हुतात्म्यांचे रक्त होते, तसेच तडजोड न केलेल्या विरोधी पक्षाचे मतपेटीतील बळही होते.

अर्थात शेकाप तोपर्यंत सत्तेपासून सर्वस्वी दूर होता असे नाही. जुलै १९७८ मध्ये शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारात तो सामील झाला होता. परंतु ते सरकार १९८० च्या फेब्रुवारीत बरखास्त झाले आणि जिल्ह्यातील काँग्रेस व शेकाप यांच्या वैरावर त्याचा टिकाऊ परिणाम झाला नाही.

जिल्हा परिषदेचे गणित

खरा बदल १९९९ पासून दिसू लागतो. त्या वर्षी काँग्रेस व नव्याने स्थापन झालेला राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष परस्परांविरुद्ध निवडणूक लढले आणि निकालानंतर एकत्र येऊन त्यांनी विलासराव देशमुख यांचे सरकार बनविले. पाच आमदारांच्या शेकापनेही या सरकारला साथ दिली. गणपतराव देशमुख व मीनाक्षी पाटील मंत्रिमंडळात गेले. आयुष्यभर शेकापचा लाल बावटा खांद्यावर वाहिलेले दि. बा. पाटील याच सुमारास पक्ष सोडून शिवसेनेत गेले, हा योगायोग नव्हे. पक्षाचे वेगळेपण पुसट झाले की व्यक्तीला पक्षात राहण्याचे कारणही पुसट होते.

मुंबईतील ही मैत्री जिल्ह्यात टिकली नाही. २००२ मध्ये रायगड जिल्हा परिषदेच्या सत्तेच्या वाटणीत राष्ट्रवादीने शेकापला बाजूला सारण्यासाठी शिवसेनेशी संधान बांधले, असा आरोप करीत शेकापने राज्य सरकारचा पाठिंबा काढून घेतला. सरकार डळमळले. आमदारांची पळवापळवी झाली. विधानसभाध्यक्ष अरुण गुजराथी यांनी काही आमदारांना अपात्र ठरविले आणि १३ जून २००२ रोजी देशमुख यांनी १४३ विरुद्ध १३३ मतांनी विश्वासदर्शक ठराव जिंकला. अलिबागच्या जिल्हा परिषदेतील अध्यक्षपदावरून मंत्रालयातील सरकार पडता पडता वाचले. ग्रामीण महाराष्ट्रात जिल्हा परिषदेला ‘मिनी मंत्रालय’ का म्हणतात, याचे यापेक्षा चांगले उदाहरण विद्यार्थ्यांना देता येणार नाही.

येथे एक संस्थात्मक बाब ध्यानात घेणे आवश्यक आहे. १९६१ च्या कायद्यान्वये १ मे १९६२ पासून अस्तित्वात आलेल्या जिल्हा परिषदेचा अध्यक्ष लोक थेट निवडत नाहीत, तर सदस्य आपल्यातून निवडतात. रस्ते, शाळा, पाणीपुरवठा, आरोग्य केंद्रे, शिक्षकांच्या बदल्या आणि छोटी-मोठी कंत्राटे यांवर या सभागृहाचा प्रभाव चालतो. पक्षांतरबंदीचा कायदा स्थानिक संस्थांच्या सदस्याला पक्षादेशाने बांधतो, मात्र निवडणुकीनंतर पक्षाने कोणाशी हातमिळवणी करावी यावर तो कोणतेही बंधन घालीत नाही. म्हणजे एकट्या सदस्याने मतदाराला फसविले तर तो अपात्र ठरतो आणि अख्ख्या पक्षाने तेच केले तर ती ‘आघाडी’ ठरते.

यानंतरच्या पंधरा वर्षांतील मैत्री व वैर यांचा तक्ता वर्गात फळ्यावर काढावा लागतो, एरवी तो ध्यानात राहत नाही. २००९ मध्ये शेकापच्या साथीने शिवसेनेच्या अनंत गीते यांनी रायगड लोकसभा मतदारसंघात काँग्रेसच्या बॅ. अ. र. अंतुले यांचा पराभव केला. २०१४ मध्ये शेकापने रायगडमध्ये रमेश कदम यांना उभे केले. शेजारच्या मावळमध्ये, ज्यात आता उरण व पनवेल येतात, राष्ट्रवादीच्या वर्तुळातून आलेल्या लक्ष्मण जगताप यांना पाठिंबा दिला. रायगडमध्ये गीते यांनी सुनील तटकरे यांना अवघ्या २,११० मतांनी हरविले. तटकरे यांच्याच नावाच्या एका अपक्षाला नऊ हजारांहून अधिक मते पडली, हा भाग वेगळा. तीन वर्षांनी, २०१७ मध्ये, ज्या तटकरे यांच्याशी शेकापचे हाडवैर होते त्यांच्याच राष्ट्रवादीशी शेकापची आघाडी झाली. शेकापचे सदस्य अधिक असूनही अध्यक्षपद प्रथम आदिती तटकरे यांना व पुढील टप्प्यात शेकापला मिळाले. २०१९ च्या लोकसभेत शेकापच्या साथीने तटकरे खासदार झाले. २०२४ मध्ये शेकाप पुन्हा गीते यांच्या बाजूला होता आणि तटकरे पुन्हा विजयी झाले.

आलटूनपालटून अध्यक्षपद घेण्याची ही पद्धत पाहिली की कोलंबियाची आठवण होते. फरक इतकाच, की तेथे ही वाटणी घटनेत लिहिण्यात आली होती. येथे ती बंद दाराआड ठरली.

समझोत्याच्या बाजूने

एकतर्फी निष्कर्ष काढणे मात्र योग्य होणार नाही. २००६ नंतर पेण, पनवेल व उरण तालुक्यांत महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राविरुद्ध आंदोलन उभे राहिले. प्रा. एन. डी. पाटील यांच्या नेतृत्वाखाली वेगवेगळ्या पक्षांचे व पक्षविरहित कार्यकर्ते त्यात एकत्र आले. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत शासनाला जनमत चाचणी घ्यावी लागली. तीत शेतकऱ्यांनी प्रकल्पाविरुद्ध प्रचंड कौल दिला. भूसंपादनाच्या प्रश्नावर शेतकऱ्यांचे मत थेट विचारले जाण्याची अशी उदाहरणे देशात फार थोडी आहेत. पुढे हे संपादन बारगळले. २००९ मधील शेकाप व शिवसेना यांच्या मैत्रीला या आंदोलनाची पार्श्वभूमी होती. मुंबईत लाल बावट्याशी वैर करीत वाढलेली शिवसेना आणि लाल बावट्याचा शेकाप यांची ही युती विचारांनी विसंगत होती. तरीही जमीन वाचविण्याचा एक आशय तिच्यात होता, हे नाकारता येत नाही.

स्थैर्याचा युक्तिवादही पूर्णतः पोकळ नाही. कोणत्याही एका पक्षाला बहुमत नसलेल्या सभागृहात आघाडी ही अपरिहार्य असते. अर्थसंकल्प मंजूर व्हावा लागतो, समित्या बनाव्या लागतात. ज्या जिल्ह्यात मते चार-पाच पक्षांत विभागली जातात, तेथे ‘समझोता करूच नका’ असे सांगणे म्हणजे सभागृह चालवूच नका असे सांगण्यासारखे आहे. त्यामुळे समझोता असावा की नसावा हा खरा प्रश्न नव्हे. तो कशासाठी झाला, मतदानापूर्वी सांगितला गेला की नंतर, आणि त्याच्यामुळे बाहेर कोण राहिले, हे प्रश्न विचारावयास हवेत. चरी, संयुक्त महाराष्ट्र व हेटवणे येथील एकजूट सत्तेबाहेरच्यांची होती. जिल्हा परिषदेतील वाटणी सत्तेतल्यांची होती. दोहोंना ‘आघाडी’ हा एकच शब्द वापरला जातो, ही मराठी राजकीय भाषेची अडचण आहे.

सत्तेच्या वाटणीची किंमत कोणी मोजली, याचे एक मापन शेकापच्याच इतिहासात मिळते. या पक्षाने वर्षानुवर्षे ज्या-त्या प्रतिस्पर्ध्याशी सोयीची मैत्री केली. त्यामुळे त्याची जिल्ह्यातील सत्तास्थाने काही काळ टिकली, परंतु मतदारांशी असलेले नाते विरळ होत गेले. रामशेठ ठाकूर हे १९९८ व १९९९ मध्ये शेकापचे खासदार होते. त्यांचे घराणे आधी काँग्रेसमध्ये व नंतर भारतीय जनता पक्षात गेले. पेणचे धैर्यशील पाटील २०२३ मध्ये भाजपमध्ये गेले. १२ जुलै २०२४ रोजी विधान परिषदेच्या निवडणुकीत मित्रपक्षांच्या भरवशावर उभे राहिलेले पक्षाचे सरचिटणीस जयंत पाटील पराभूत झाले. त्या वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत पक्षाला एकच जागा मिळाली, तीही रायगडबाहेर, सांगोल्यात. कार्टेल पक्षाचा सिद्धान्त सांगतो की संगनमतामुळे जुने पक्ष टिकतात. रायगडचा अनुभव असा की संगनमतातील दुबळा भागीदार टिकत नाही. त्याचे कार्यकर्ते बलवान भागीदाराकडे जातात. सत्ता दृढमूल झाली ती पक्षांची नव्हे, तर काही घराण्यांची.

उरणच्या मतदाराचे उत्तर

२००८ च्या पुनर्रचनेनंतर उरण हा स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ झाला. त्याच्या चार निवडणुकांचा क्रम बोलका आहे. २००९ मध्ये शेकापचे विवेक पाटील विजयी झाले. २०१४ मध्ये सारे प्रमुख पक्ष स्वतंत्र लढले. तेव्हा शिवसेनेचे मनोहर भोईर अवघ्या ८११ मतांनी निवडून आले. २०१९ मध्ये वरिष्ठ नेत्यांच्या युतीत जागा शिवसेनेला सुटली. भाजपचे महेश बालदी यांनी ती मानली नाही आणि अपक्ष म्हणून भोईर यांना हरविले. २०२४ मध्ये महाविकास आघाडीची जागावाटपाची बोलणी येथे फिसकटली. शेकापचे प्रीतम म्हात्रे व शिवसेनेच्या ठाकरे गटाचे भोईर दोघेही रिंगणात राहिले आणि भाजपचे उमेदवार म्हणून बालदी पुन्हा निवडून आले. म्हात्रे व भोईर यांच्या मतांची बेरीज विजयी उमेदवारापेक्षा बरीच अधिक होती. २०१९ मध्ये वरून लादलेली युती मतदारांनी मोडली. २०२४ मध्ये मात्र समझोत्याच्या अभावी बहुसंख्य मते विजयी उमेदवाराच्या विरोधात पडूनही निष्फळ ठरली. एकाच मतदारसंघाने पाच वर्षांच्या अंतराने दोन्ही बाजूंचा पुरावा दिला आहे.

या काळात पक्षभेद ओलांडणारी एक एकजूट मात्र यशस्वी झाली. एप्रिल २०२१ मध्ये नवी मुंबई विमानतळाला बाळासाहेब ठाकरे यांचे नाव देण्याचा ठराव सिडकोने केला, तेव्हा दि. बा. पाटील यांच्या नावासाठी सर्वपक्षीय कृती समिती उभी राहिली. १० जूनला मानवी साखळी झाली आणि २४ जून २०२१ रोजी, दि. बां.च्या स्मृतिदिनी, सिडको कार्यालयाला घेराव घालण्यात आला. जून २०२२ च्या अखेरीस सत्तेतून जाता जाता उद्धव ठाकरे यांच्या मंत्रिमंडळाने दि. बां.च्या नावाचा निर्णय घेतला आणि नंतरच्या सरकारनेही तो कायम ठेवला. या समितीत वाटून घेण्यासारखे पद नव्हते.

नावाच्या प्रश्नावर जे वर्षभरात साधले, ते जमिनीच्या प्रश्नावर किती काळात साधले हेही पाहावे. न्हावा-शेवा येथील बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. त्यासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना साडेबारा टक्के विकसित भूखंडांची पत्रे १६ ऑगस्ट २०१४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते देण्यास प्रारंभ झाला. जासईच्या गोळीबारानंतर तोपर्यंत तीस वर्षे उलटली होती. त्या तीस वर्षांत काँग्रेस, शिवसेना, भारतीय जनता पक्ष, राष्ट्रवादी काँग्रेस व शेतकरी कामगार पक्ष यांपैकी प्रत्येक पक्ष कोणाशी ना कोणाशी समझोता करून एकदा तरी राज्याच्या सत्तेत बसून गेला होता.